घोडेपिराचं मत

"बकरा बाहेर बांधा," शिरस्तेदार म्हणाले.

"बकरा माझ्याबरोबर राहील," जमादार म्हणाले. "नवसाचा आहे."

शिरस्तेदारांनी दिवाणसाहेबांकडं बघितलं. दिवाणसाहेबांनी समोरचं पुस्तक चाळलं. तासगिरी संस्थानच्या निवडणुकीचे नियम एकूण एकशे सोळा. सगळे दिवाणसाहेबांनी, म्हणजे रावबहादूर मेहेंदळ्यांनी, रात्रीचा दिवस करून स्वतः लिहिलेले, संस्थानच्या छापखान्यात छापून पुठ्ठ्यात बांधलेले. मतदारानं पागोटं कसं घालावं, थुंकायचं झालं तर कुठं थुंकावं, सगळं त्यात होतं. बकरा नव्हता.

"राहू दे," दिवाणसाहेब म्हणाले.

तसा बकरा आत आला. काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा, गळ्यात झेंडूची माळ. जमादारांचा जावई कासम त्याची दोरी धरून भिंतीशी उभा राहिला. दिलावरखान जमादार माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले, मिशीवरनं हात फिरवला आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "मास्तर, संध्याकाळी सुरी घेऊन या घरी. बकरा कापायचाय. गावात दुसरा मुलाणी नाही, म्हणून तुम्हालाच सांगतोय. राग मानू नका."

दिवाणसाहेब हसले म्हणून सगळे हसले. मी नाही हसलो. जमादारांच्या विरोधात उभा होतो तो मीच.

बाबालाल बागवानचाचा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझा गुडघा दाबला. "चुप बैठ रे इलाही. दिन अभी बाकी है."

सन एक्केचाळीसचं साल. शेजारच्या संस्थानांनी कायदेमंडळं काढली, त्यात मुसलमानांना जागा दिल्या. पोलिटिकल एजंटानं आमच्या दिवाणांना विचारलं, तुमच्याकडं काय? दिवाणसाहेबांनी महिन्याभरात कायदेमंडळ काढलं आणि त्यात मुसलमानांची एक जागा. निवडून दिलेली, नेमलेली नव्हे, असं एजंटाला कळवून मोकळे झाले. मग मत कुणाला द्यायचं हे ठरवायला बसले. ज्याच्या नावावर वीस एकर जमीन असेल त्याला, नाहीतर जो मॅट्रिक असेल त्याला. संस्थानात मुसलमान तीन हजार. मोमीन, शिकलगार, तांबोळी, पिंजारी, आम्ही मुलाणी. वीस एकरवाले निघाले चार. मॅट्रिक निघाला एक, तो मी, आणि तोसुद्धा तिसऱ्या खेपेला.

म्हणजे मतदार पाच. जमादार, त्यांचा जावई कासम, बाबालालचाचा, मी. आणि पाचवे, "पीर घोडेसाहेब, जमीन चोवीस एकर, वहिवाटदार ज्योत्याजी पाटील."

पीरसाहेबांना जाऊन तीनशे वर्षं झाली होती. पण जमीन त्यांच्या नावावर होती आणि त्यांना वगळावं असा नियम नव्हता. शिरस्तेदारांनी शंका काढली तेव्हा दिवाणसाहेबांनी त्यांना उलट समजावलं म्हणे, की राहू द्या, पीर बोलणार पाटलाच्या तोंडून, आणि पाटीलकी कुणाच्या हातात आहे? आमच्या. निवडणुकीच्या आठवडाभर आधी पाटलांना दिवाणसाहेबांच्या बंगल्यावर केशरी दूध पाजल्याची बातमी गावभर होती.

आणि एवढा आटापिटा कशासाठी, तर विमानासाठी. राजेसाहेबांनी मुंबईला विमान बघितलं होतं. विमान संस्थानकडं नव्हतं, येणारही नव्हतं, पण आलंच तर उतरायला जागा हवी. आता तासगिरी म्हणजे सगळी टेकाडं. सपाट जागा एकच, पिराचा माळ, आणि ती मेलेल्यांनी आधीच धरलेली. आमचं कब्रस्तान. मधोमध पिराची मजार आणि तिच्याशेजारी कमरेएवढा दगडी घोडा. धर्मस्थळाची जमीन घ्यायची तर त्या समाजाच्या सभासदाची संमती पाहिजे, असं दिवाणसाहेबांनीच घटनेत घातलेलं. एजंटानं त्याबद्दल पाठ थोपटली होती, त्यामुळं आता काढताही येत नव्हतं. संमती देणारा सभासद तेवढा पाहिजे होता. जमादारांचा मुलगा राजेसाहेबांच्या पहाऱ्यात होता, जमादारांची पेन्शन तिजोरीतनं यायची. ते संमती देणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. जमीन दाबायला संस्थानचा दगडी रोळ चार बैलजोड्या लावून माळाच्या पायथ्याला आणून ठेवलासुद्धा होता.

माझी आई त्या माळावर होती. अकरा महिने झाले होते. दगड कोरून घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून खुणेला तिच्या जात्याची तळी उशाशी रोवली होती. शाळेला जाताना रोज मला तो रोळ दिसायचा आणि रोज मी त्याच्याकडं बघायचं टाळायचो.

मत तोंडी द्यायचं होतं. दिवाणसाहेबांसमोर उभं राहून, नाव घेऊन, मोठ्यानं.

"दिलावरखान जमादार," जमादार म्हणाले. स्वतःचंच नाव, पण असं म्हणाले जसं कुणाची तरी चहाडी सांगतायत.

"मामूजान," कासम म्हणाला. त्याला पूर्ण नाव घ्यायला लावलं. सासऱ्याचं नाव कसं घेऊ म्हणून तो अडला. शिरस्तेदारांनी मग जावयासाठी वेगळा शेरा लिहिला.

"इलाही मुलाणी," बाबालालचाचा म्हणाले, आणि वर "मास्तर" जोडलं.

"इलाही मुलाणी," मी म्हणालो.

दोन आणि दोन. सगळे पाटलांकडं वळले. बकरा तेवढा रवंथ करत होता.

"पीर घोडेसाहेब," शिरस्तेदारांनी पुकारलं. दाराशी पट्टेवाल्यानं तीनदा तेच पुकारलं, बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल असं. "पीर घोडेसाहेब हाजिर हो!"

ज्योत्याजी पाटील उठले. सहा फूट उंच, पांढरे कल्ले, पायात कर्रकर्र वाजणाऱ्या वहाणा. उरुसाचा पहिला गंध पाटलांच्या घरचा. पिढ्यान् पिढ्या. त्यांनी दिवाणसाहेबांना मुजरा केला.

"बोला पाटील," दिवाणसाहेब म्हणाले. आवाजात केशर होतं.

"मी काय बोलू, सरकार? मत माजं न्हाई. पिराचं हाय."

"हो, पण पिराच्या वतीनं तुम्हीच ना?"

"वतीनं हाय. पन मनानं न्हाई बोलता येत. उद्या पीर म्हनला, ज्योत्या, मी कवा सांगितलं हुतं तुला? तर काय करू? कौल लावावा लागंल."

"कौल?"

"घोड्याच्या दोन कानांस्नी दोन फुलं लावायची. उजवं जमादारांचं, डावं मास्तरांचं. ज्याचं आदुगर पडंल त्येचं मत."

दिवाणसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग नियम चाळले. त्र्याहत्तरावा निघाला. देवस्थान मतदार असेल तर मत त्या देवस्थानच्या रूढीप्रमाणे घ्यावे. रूढीबद्दल शंका आल्यास त्याच समाजातील मतदारांचे म्हणणे अखेरचे मानावे. हाही स्वतःच लिहिलेला.

"जमादार," दिवाणसाहेब म्हणाले, "अशी रूढी आहे?"

जमादारांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बकऱ्याकडं.

"आहे," म्हणाले.

"बागवान?"

"जी सरकार. है."

"मास्तर?"

"आहे," मी म्हणालो.

दिवाणसाहेबांनी खिशातलं घड्याळ बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. का उजळला ते माझ्या लगेच ध्यानात आलं. चार वाजता मतदान बंद. मतं सारखी झाली तर दिवाणाचं मत निर्णायक, नियम एक्केचाळीस. आत्ता दोन वाजून गेले होते. माळावर जायला अर्धा तास. फूल चारच्या आत नाहीच पडलं तर दिवाणसाहेबांचं काहीच बिघडत नव्हतं.

"चला," म्हणाले. "रूढीचा मान राखला पाहिजे."

चैत्रातलं ऊन. पुढं पाटील, मागं छत्रीखाली दिवाणसाहेब, मग शिरस्तेदार दप्तर आणि दौत सांभाळत, मग आम्ही, मग बकरा, आणि बकऱ्यामागं अर्धं गाव. रोळाजवळनं जाताना दिवाणसाहेबांनी त्याच्यावर हलकेच छत्री टेकवली, जशी आपण घोड्यावर थाप मारतो.

माळाच्या कडेला पाटील थांबले. "सरकार, वहाणा."

"म्हणजे?"

"हितनं पुढं पायतान चालत न्हाई."

दिवाणसाहेबांनी बूट काढले. मोजे काढले. पाय इतके पांढरे की बायकांनी तोंडाला पदर लावले. पहिलं पाऊल टाकलं आणि ते विंचू चावल्यासारखे उडाले. दगड तव्यासारखे तापलेले. दुसरं पाऊल टाकलं, पुन्हा उडाले. संस्थानचे दिवाण उड्या मारत कब्रस्तानात शिरले.

"सरकार, तिकडं पाय नगा दिऊ," पाटील म्हणाले. "त्यो तांबोळ्याचा म्हातारा हाय."

दिवाणसाहेब डावीकडं उडाले.

"तिकडं बी नगा. शिकलगाराच्या दोगी जावा हायती."

"अहो मग देऊ कुठं पाय?"

"माज्या मागनं या. माज्या पावलावर पाऊल ठिवा." पाटील सावकाश चालत होते, जाणूनबुजून, आणि चालता चालता हात करून सांगत होते. हा पिंजारी. हा जमादारांचा बाप. ही मास्तरांची आई, जात्याची तळी दिसती का, ती. एका लहानशा उंचवट्याशी ते वाकले, त्यावरचं वाळलं गवत उपटून टाकलं. वीतभर जागा.

"हे कोणाचं मूल?" दिवाणसाहेबांनी विचारलं. विचारायचं म्हणून.

"माजं," पाटील म्हणाले. "लेक हुती. तीन म्हैन्यांची. आमच्यातबी तान्ह्याला पुरत्यात न्हवं, सरकार? पिराच्या नवसाची हुती, म्हनून पिराच्या पायाशी दिली."

दिवाणसाहेबांनी उडी मारायची थांबवली. क्षणभर तापल्या दगडावर तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "घड्याळ बघा, शिरस्तेदार."

"तीन वाजायला दहा मिनिटं, सरकार."

पाटलांनी घोड्याचे कान धुतले. शेवंतीची दोन फुलं घेतली. उजव्या कानाला लावताना त्यांनी बोटावर गंधाचा गोळा घेतलेला मी बघितला. डाव्या कानाला नुसतं पाणी लावलं. गंध वाळला की फूल घट्ट धरतं, पाणी वाळलं की फूल सुटतं. पाटलांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, पण मी मिनिटं मोजायला लागलो. उन्हात पाणी किती टिकणार? पाच मिनिटं. दहा.

दहा मिनिटं झाली. फूल पडलं नाही.

सव्वातीन झाले. फूल पडलं नाही. पाणी केव्हाच वाळलं होतं. मी मान तिरकी करून बघितलं. घोड्याच्या डाव्या कानाचा एक टवका उडालेला होता, आणि फुलाचा देठ नेमका त्या खाचेत जाऊन बसला होता. पाटलांनाही ते दिसलं. त्यांचे कल्ले घामानं थबथबले. पण लावलेल्या फुलाला आता हात कसा लावणार?

"साडेतीन," शिरस्तेदार म्हणाले.

वाऱ्याची झुळूक आली. माझं फूल डोललं, मान हलवून नाही म्हणाल्यासारखं डोललं, आणि थांबलं. बाबालालचाचा ओठातल्या ओठात दुरूद पढत होते. मी जात्याच्या तळीकडं बघत होतो. आईला सांगत होतो, अम्मा, तुला उचलून न्यायची कुठं?

"पावणेचार."

दिवाणसाहेब आता छत्रीच्या सावलीत उभे होते, एका पायावर, बगळ्यासारखे. चेहरा मात्र प्रसन्न. "घाई नाही," म्हणाले. "पीरसाहेबांना वेळ घेऊ द्या."

जमादार कुणाकडंच बघत नव्हते. ते त्यांच्या बापाच्या कबरीजवळ उभे होते. मिशी घामानं खाली आली होती.

चारला पाच कमी असताना कासमला जांभई आली. जांभई देताना माणसाचा हात सैल पडतो. बकऱ्यानं दोरीला हिसका दिला. सकाळपासून उपाशी बकरा, गळ्यातली झेंडूची माळ त्यानं कधीच फस्त केली होती. तो सरळ घोड्याकडं गेला, मान लांब केली आणि उजव्या कानावरचं फूल गंधासकट ओढून खाल्लं.

बकऱ्याच्या तोंडातनं देठ तेवढा बाहेर होता, तोही आत गेला.

"उजवं!" दिवाणसाहेब ओरडले. दोन्ही पायांवर उभे राहिले. "उजवं आधी गेलं! कौल झाला! शिरस्तेदार, लिहा. तीन वाजून पंचावन्न मिनिटांनी कौल पूर्ण झाला, सर्वांसमक्ष. लिहिलंत?"

"लिहिलं, सरकार."

"सहीला आणा इकडं." घोड्याच्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी सही केली. पाटलांचं तोंड उघडं पडलं होतं. त्यांच्याकडं बकऱ्याची तजवीज नव्हती. मी खाली बसलो, तळीला हात लावून.

"सरकार," जमादार म्हणाले.

"अभिनंदन, जमादार!"

"तसं नाही, सरकार. कौल झाला हे खरं. पण तो उलटा झाला."

"उलटा?"

"पिराचं फूल जनावरानं खाल्लं तर कौल उलटा धरतात. ज्याचं खाल्लं तो गेला. आमच्यात तसंच आहे."

दिवाणसाहेबांनी जमादारांकडं बघितलं. "जमादार, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?"

"कळतंय, सरकार. पण पिरासमोर खोटं कसं बोलू? माझा बापच इथं आहे." आणि हात करून कबर दाखवली.

"बागवान! असं आहे?"

"जी सरकार," बाबालालचाचा म्हणाले. "बकरा, गाय, भैंस, कुछ भी. उलटाच."

कासमला विचारलं. त्यानं सासऱ्याकडं बघून मान डोलावली. मला विचारलं. मी बसल्या बसल्या "आहे" म्हणालो.

दिवाणसाहेब शिरस्तेदारांकडं वळले. शिरस्तेदार हळूच म्हणाले, "नियम त्र्याहत्तर, सरकार. मतदारांचं म्हणणं अखेरचं. आणि कौल पूर्ण झाल्यावर आपली सही झालीये. शिवाय हरणारा माणूस स्वतःविरुद्ध खोटं कशाला बोलेल?"

दिवाणसाहेबांनी दप्तर ओढून घेऊन याचं उत्तर शोधलं. एकशे सोळा नियमांत ते कुठंच नव्हतं.

ते गेले तसे उड्या मारतच गेले, पण परतताना आपल्या पावलावर पाऊल ठेवू द्यायला कुणी थांबलं नाही. पट्टेवाला मागनं बूट घेऊन धावला.

उतरताना मी पाटलांना गाठलं. "पाटील, हे कौलाचं कधीपासून?"

"आज सकाळधरनं," पाटील म्हणाले. "न्ह्यारी करताना सुचलं."

आमच्या पिराला कौल नव्हता. कधीच नव्हता. माळावर जमलेल्या अर्ध्या गावाला ते ठाऊक होतं आणि अर्ध्या गावातलं एकही तोंड उघडलं नव्हतं. आता आहे. शिरस्तेदारांनी सरकारी दप्तरात लिहिलंय म्हटल्यावर लोक फुलं घेऊन येतातच, लग्नं ठरवायला, खटले लढवायला. बकरी मात्र लांब बांधतात.

संध्याकाळी सुरी घेऊन जमादारांकडं गेलो. का गेलो? बोलावलं होतं म्हणून, आणि मुलाणी दुसरा नव्हता म्हणून. जमादार अंगणात बाजेवर बसले होते. बकरा शेजारी, निवांत.

"जमादारसाहेब, ते खाल्लेल्या फुलाचं उलटं धरायचं कधीपासून?"

"बकऱ्यानं तोंड घातलं तेव्हापासून." ते हसले नाहीत. "मास्तर, पोरगा माझा राजेसाहेबांच्या दारात उभा असतो. मी दिवाणाला नाही कसं म्हणू? आणि बापावरनं रोळ फिरवायला हो तरी कसं म्हणू? म्हटलं, नाही म्हणायचं काम पिरावर टाकावं. तर तुमचं ते फूल काही पडेना."

"पेन्शन?"

"बघू." बकऱ्याच्या पाठीवर हात फिरवत ते म्हणाले, "चला, बिस्मिल्ला करा. नवस फिटला."

"नवस? पण तुम्ही तर हरलात."

जमादारांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी शाळेत शेवटच्या बाकावरच्या पोराकडं बघतो.

"हरलो तर बकरा देईन म्हणूनच तर बोललो होतो, मास्तर. ते काय कचेरीत दिवाणासमोर सांगू?"

मी बकऱ्याकडं बघितलं. कायदेमंडळात तीन वर्षं बसलो, पहिल्याच बैठकीत माळाला नाही म्हणालो, रोळ पायथ्याला गंजायलासुद्धा लोखंडी नव्हता म्हणून तसाच पडून राहिला. लोक अजून विचारतात, मास्तर, तुम्ही किती मतांनी निवडून आलात? एका, असं मी सांगतो. कुणाच्या, ते सांगत नाही.

नवस तो नवस. ज्यानं मला निवडून दिलं, त्याला त्या संध्याकाळी मीच कापलं. रस्सा झकास झाला होता. पाटलांनी तीनदा मागून घेतला.